इंग्रजीचे 'बी' आणि अहिराणीचे 'शे' : अस्तित्वदर्शक क्रियापदाचा अर्थ, उगम आणि उपयोजन

प्रस्तावना

इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनाचा आरंभ आपल्याकडे बहुधा 'टू बी' या क्रियापदाच्या रूपांनी होतो. फळ्यावर 'अ‍ॅम, इज, आर' ही रूपे लिहिली जातात, त्यांच्यासमोर 'आहे, आहेस, आहोत, आहेत' असे अर्थ मांडले जातात आणि विद्यार्थी ती जोडी पाठ करतात. इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रियापदाचा परिचय अशा रीतीने प्रमाण मराठीच्या द्वारे करून दिला जातो. धुळे जिल्ह्यातील साक्री, शिंदखेडा अथवा जळगाव जिल्ह्यातील अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या तालुक्यांतून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी मात्र 'आहे' हे क्रियापद बोलले जात नाही. तेथे 'शे' बोलले जाते. 'तुनं नाव काय शे?' हा त्यांच्या कानावर पडलेला पहिला प्रश्न असतो. या विद्यार्थ्याला 'इज'पर्यंत पोहोचण्यासाठी आधी 'शे' टाकून 'आहे'कडे यावे लागते आणि मग 'आहे' टाकून 'इज'कडे जावे लागते.

वर्गात एखाद्याच्या तोंडून 'शे' निघून गेले की हशा पिकतो. अध्यापकही, बहुतेक वेळा सद्हेतूनेच, 'शे नव्हे, आहे म्हण' अशी दुरुस्ती करतात. या दुरुस्तीच्या मुळाशी एक गृहीतक आहे. 'शे' हे 'आहे'चे बिघडलेले, अशुद्ध रूप होय, असे ते गृहीतक. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी प्रथम 'बी' या इंग्रजी क्रियापदाची घडण, नंतर 'शे'चा उगम आणि शेवटी दोहोंचे उपयोजन असा क्रम स्वीकारला आहे. इंग्रजीच्या क्रियापदाला जो ऐतिहासिक न्याय आपण सहज देतो, तो आपल्या परिसरातील क्रियापदाला देत नाही, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

१. 'बी' : एका नावाखाली तीन धातू

इंग्रजी शब्दकोशात 'बी' ही एकच नोंद असली, तरी तिच्याखाली एकत्र आलेली रूपे एका धातूची नाहीत. 'अ‍ॅम' आणि 'इज' ही रूपे ज्या मूळ धातूपासून आली त्याचा संस्कृत भाईबंद 'अस्' हा होय. संस्कृत 'अस्मि' आणि 'अस्ति', लॅटिन 'एस्ट', जर्मन 'इस्ट' ही रूपे शेजारी ठेवली म्हणजे हे नाते स्पष्ट होते. 'बी' आणि 'बीन' यांचा संबंध 'भू' धातूशी आहे. याच 'भवति'पासून प्राकृत 'होइ' आणि मराठी 'होणे' आले. 'वॉज' आणि 'वेअर' यांचा धातू तिसराच आहे. त्याचा संस्कृत नातेवाईक 'वस्', म्हणजे राहणे, वास्तव्य करणे. आपल्या 'वस्ती' आणि 'रहिवास' या शब्दांत तोच धातू नांदतो आहे.

तात्पर्य, 'ही इज', 'ही वॉज' आणि 'ही हॅज बीन' ही तीन वाक्ये उच्चारताना इंग्रजी भाषक तीन वेगवेगळे धातू वापरत असतो. अर्थदृष्ट्या यांपैकी तिसरा धातू विशेष लक्षणीय आहे. 'राहणे' या स्थूल, दृश्य क्रियेपासून 'असणे' हा सूक्ष्म अर्थ विकसित झाला. जो एखाद्या ठिकाणी राहतो, तो आहे. मूर्त अर्थाकडून अमूर्त अर्थाकडे झालेला हा प्रवास पुढे 'शे'च्या संदर्भात पुन्हा भेटणार आहे.

२. प्रमाण इंग्रजीत शिरलेली बोली

'आर' या रूपाचा इतिहास आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. प्राचीन इंग्रजीची जी बोली लेखनात प्रतिष्ठित होती, ती वेसेक्स प्रांताची. तिच्यात अनेकवचनासाठी 'सिंडन' हे रूप होते. संस्कृत 'सन्ति' आणि जर्मन 'सिंड' यांच्या कुळातले ते रूप. 'आर'चे पूर्वरूप इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलींत वावरत होते आणि तेथे स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेमुळे त्याला बळ मिळाले. 'सिंडन' पुढे लोप पावले. चौदाव्या शतकात चॉसरच्या लेखनात अनेकवचनासाठी मुख्यतः 'बेन' हे रूप येते. सन १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतरातही 'दे आर'च्या जोडीला काही ठिकाणी 'दे बी' आढळते. आज मात्र 'दे बी' म्हणणारा अशिक्षित ठरतो आणि उत्तरेच्या बोलीतून आलेले 'आर' शुद्ध ठरते.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. एखादे रूप प्रमाण ठरते ते त्याच्या अंगभूत शुद्धतेमुळे नव्हे. व्यापार, राजसत्ता, मुद्रण, शिक्षण अशा भाषाबाह्य कारणांनी एका रूपाला प्रतिष्ठा लाभते आणि दुसरे मागे पडते. 'आर'बाबत ही गोष्ट आपण भाषेच्या इतिहासाच्या तासाला आवर्जून शिकवितो. त्याच अध्यापकाला पुढच्या तासाला 'शे' अशुद्ध वाटावे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

३. 'शे'चा उगम

'शे' हे 'आहे'पासून आले असावे ही कल्पना ध्वनिदृष्ट्या टिकत नाही. 'आहे'मधील 'ह'चा 'श' होण्याचे उदाहरण खान्देशातील बोलींत दाखविता येत नाही. 'शे'चे खरे नातेवाईक इतरत्र आहेत. गुजराती 'छे', राजस्थानातील जयपुरीचे 'छै', नेपाळीचे 'छ', बंगालीचे 'आछे', मैथिली आणि ओडियाचे 'अछि' ही सर्व रूपे प्राकृत 'अच्छइ' या क्रियापदापर्यंत मागे नेता येतात. पाली भाषेत त्याचे रूप 'अच्छति' असून बसणे, राहणे, थांबणे असा त्याचा अर्थ आहे.

'अच्छइ'च्या संस्कृत मुळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी 'आस्ते' तर कोणी 'ऋच्छति' हे मूळ सुचविले. रॅल्फ टर्नर यांनी सन १९३६ मध्ये एका स्वतंत्र लेखात हे क्रियापद वैदिक 'आक्षेति' या रूपापासून आल्याचे प्रतिपादन केले आणि नव्य भारतीय आर्य भाषांच्या आपल्या तौलनिक कोशातही तेच मत कायम ठेवले. 'आ' उपसर्ग आणि 'क्षि' धातू मिळून हे रूप सिद्ध होते. 'क्षि' म्हणजे राहणे, वस्ती करणे. टर्नर यांचे मत स्वीकारले, तर 'वॉज' आणि 'शे' या दोन रूपांची अर्थकथा एकच ठरते. दोहोंच्या मुळाशी वास्तव्य आहे.

येथपर्यंत पाहता 'शे' हे गुजरातीकडून आलेले रूप वाटेल. परंतु ध्वनिविचार केल्यास चित्र बदलते. प्राकृतातील 'छ' किंवा 'च्छ' मराठीत 'स' होतो आणि 'इ', 'ए' या स्वरांपूर्वी 'श' होतो. 'पुच्छइ'पासून गुजरातीत 'पूछवुं' झाले, मराठीत 'पुसणे'. 'उच्छु'पासून 'ऊस', 'कुच्छि'पासून 'कूस', 'मच्छिआ'पासून 'माशी' आणि 'छेत्त'पासून 'शेत' ही मराठी रूपे याच नियमाने सिद्ध होतात. हा नियम 'छे'ला लावला की 'शे' हे रूप मिळते. म्हणजे धातू गुजराती-राजस्थानीला जवळचा आणि ध्वनिरूप मराठीच्या नियमाचे, असा हा शब्द आहे.

या विवेचनातून आणखी एक नाते पुढे येते. 'क्षेत्र' हा शब्दही 'क्षि' धातूपासूनच बनला आहे. मनुष्य जेथे वस्ती करतो ती भूमी म्हणजे क्षेत्र, आणि त्याचेच पुढे 'शेत' झाले. टर्नर यांची व्युत्पत्ती मान्य केल्यास 'शेत' आणि 'शे' ही एकाच धातूची संतती ठरते. यांपैकी 'शेत' प्रमाण मराठीत मानाने नांदते आणि 'शे' मात्र गावंढळ म्हणून हिणवले जाते.

प्राचीन मराठीचा पुरावाही विचारात घेतला पाहिजे. संस्कृत 'अस्ति'पासून प्राकृत 'अत्थि' आणि त्यापासून मराठीत 'आथि' हे रूप नियमाने येते. ज्ञानेश्वरीत ते आढळते आणि त्याच्या जोडीला 'असे' व 'आहे' हीही रूपे आढळतात. 'असे' आणि आजचे 'असणे' यांचे मूळ 'अस्' असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु वरील ध्वनिनियमानुसार 'अच्छइ'चे मराठी रूप 'असे' असेच व्हावयास हवे. ही शक्यता ध्यानात घेतली, तर 'असे' आणि 'शे' यांचे नाते बंगाली 'आछे' आणि गुजराती 'छे' यांच्या नात्यासारखे दिसते. एकात आद्य स्वर टिकला, दुसऱ्यात लोपला. अशा स्थितीत 'शे'ला परके मानणे तर दूरच, जुन्या मराठी 'असे'चे ते सख्खे भावंड असण्याचा संभव अधिक आहे.

अहिराणीतील वर्तमानकाळाची रूपेही या दिशेने पाहण्यासारखी आहेत. 'मी करस, तू करस, तो करस' आणि अनेकवचनी 'आम्ही करतस, त्या करतस' अशी ती रूपे आहेत. जुन्या मराठी काव्यातील 'करीतसे', 'येतसे' या रूपांत 'असे' हे सहायक क्रियापद मिसळून गेले आहे. 'करतस'मधील अन्त्य 'स' त्याच प्रकारचा असावा, असा तर्क करता येतो.

४. वर्गीकरणाचा प्रश्न

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड सन १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. खानदेशीचा समावेश त्यात नाही. तिचा विचार सन १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांच्या सोबत केला आहे. 'शे' हे क्रियापद, 'रामना, रामनी' अशी षष्ठीची रूपे आणि 'घरमा' अशी सप्तमी पाहता या भाषेचा कल गुजरातीकडे दिसतो, हे खरे. परंतु 'माले', 'घरले' या रूपांतील 'ले' हा प्रत्यय वऱ्हाडीतही भेटतो, आणि 'शे'चे ध्वनिरूप मराठी नियमाचे असल्याचे वर दाखविले आहे. ग्रियर्सन यांचे वर्गीकरण एका बाजूला आणि 'अहिराणी ही मराठीची पोटबोली' हे सरसकट विधान दुसऱ्या बाजूला, अशी दोन टोके निर्माण झाली आहेत. एकाच क्रियापदाच्या परीक्षणाने दोन्ही अपुरी असल्याचे दिसून येते. तापीच्या खोऱ्यात मराठी, गुजराती, राजस्थानी आणि भिल्ली यांचा शतकानुशतके संपर्क आहे. तेथील भाषेने दोन्हीकडचे जतन केले असल्यास आश्चर्य नाही.

दुसराही एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. खान्देशची बोली म्हणजे अहिराणी, असे समीकरण मांडून आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अनेकदा अहिराणीच्या कवयित्री म्हटले जाते. सन १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाण्यांची भाषा जळगावच्या पूर्वेकडील यावल, रावेर, भुसावळ या भागातील लेवा बोली आहे. त्या बोलीत 'हाये', 'आहे' या वळणाची रूपे आहेत. 'शे'ची सीमा शोधणे हे अहिराणी आणि लेवा यांच्यातील भेद ओळखण्याचे एक सोपे साधन आहे. दोन्ही बोलींत 'ळ'चा 'य' होतो. केवळ त्या लकबीवरून त्यांना एक मानणे शास्त्रीय ठरत नाही.

५. उपयोजन : 'इज'पेक्षा 'शे' अधिक नेमके कोठे

उपयोजनाच्या दृष्टीने पुढील दोन वाक्ये पाहावीत. 'द शॉप इज क्लोज्ड' आणि 'द शॉप इज क्लोज्ड ऑन संडेज'. पहिल्यात या क्षणाची स्थिती आहे, दुसऱ्यात नेहमीचा परिपाठ. इंग्रजीत दोन्हींसाठी 'इज' आहे. प्रमाण मराठीत पहिल्यासाठी 'बंद आहे' आणि दुसऱ्यासाठी 'बंद असते' असे म्हटले जाते. अहिराणीत 'दुकान बंद शे' आणि 'दुकान ऐतवारले बंद रहास' अशी दोन स्वतंत्र क्रियापदे योजली जातात.

हा भेद प्राचीन इंग्रजीतही होता. चालू स्थितीसाठी 'इज'च्या कुळातील रूपे, तर सर्वकालीन सत्य, परिपाठ आणि भविष्य यांसाठी 'बी'च्या कुळातील रूपे वापरण्याकडे तिचा कल होता. प्रमाण इंग्रजीने पुढे तो गमावला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत आजही नित्य क्रियेसाठी 'ही बी वर्किंग' अशी रचना नियमाने येते. जे रूप व्याकरणाची चूक म्हणून हेटाळले जाते, ते प्रत्यक्षात प्रमाण भाषेत नसलेला एक भेद सांभाळून असते.

मालकी दर्शविण्याच्या रचनेतही असाच मुद्दा आहे. 'आय हॅव टू ब्रदर्स' यातील 'हॅव'ला मराठीत थेट प्रतिशब्द नाही. 'माले दोन भाऊ शेतस' किंवा 'मला दोन भाऊ आहेत' अशी अस्तित्वदर्शक रचनाच करावी लागते. विद्यार्थ्याने 'हॅव'च्या जागी 'आर' घातले, तर त्यामागे निष्काळजीपणा नसून त्याच्या भाषेचा नियम असतो.

चालू वर्तमानकाळाच्या बाबतीत अहिराणी विद्यार्थ्याजवळ एक साधन आहे, ज्याचा अध्यापनात उपयोग केला जात नाही. 'तो जास' म्हणजे तो जातो, आणि 'तो जाई राहिना' म्हणजे तो आत्ता जात आहे. हा भेद त्याच्या बोलण्यात काटेकोर आहे. प्रमाण मराठीत मात्र 'जातो', 'जातो आहे', 'जात आहे' यांच्या सीमा बऱ्याचदा पुसट होतात. 'तो जास' बरोबर 'ही गोज' आणि 'तो जाई राहिना' बरोबर 'ही इज गोइंग', अशी जोडी सरळ मांडली तर 'ही इज गो' यांसारखी वारंवार आढळणारी चूक समजावून देणे सोपे जाते. आपण त्याला 'आहे'च्या मार्गाने नेतो. 'इज' म्हणजे 'आहे' हे पाठ झाले, की वर्तमानकाळाच्या प्रत्येक वाक्यात तो 'इज' घालू लागतो.

६. प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही

सन १९७९ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथील शाळेबाबत न्यायालयासमोर एक दावा चालला. कृष्णवर्णीय मुलांच्या घरच्या भाषेची दखल न घेता त्यांना वाचन शिकविले जाते, अशी पालकांची तक्रार होती. मुलांची घरची भाषा ओळखून ते ज्ञान वाचनाच्या अध्यापनात उपयोगात आणण्यास शिक्षकांना साहाय्य करावे, असा आदेश न्यायालयाने शाळा मंडळाला दिला. प्रमाण इंग्रजी शिकविण्याचे उद्दिष्ट न्यायालयाने बदलले नाही. ते उद्दिष्ट गाठण्याची वाट घरच्या भाषेतून जाते, एवढेच मान्य केले.

आपल्याकडे स्थिती कशी आहे? जनगणनेत 'खानदेशी' ही मराठीहून स्वतंत्र नोंद आहे. सन २००१ मध्ये ती मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या सुमारे २० लाख ७५ हजार होती. सन २०११ मध्ये ती सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. या दशकात देशाची लोकसंख्या वाढली असताना हा आकडा घटला. बोलणारे कमी झाले की 'ही माझी भाषा' असे सांगणारे कमी झाले, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. ज्या मुलाला शाळेत 'शे'बद्दल हसले गेले, तो मोठेपणी प्रगणकासमोर मातृभाषा म्हणून मराठीचे नाव सांगणार, हे स्वाभाविक आहे. आपल्या मुलांशी तो 'शे' बोलेल, अशी अपेक्षाही मग व्यर्थ ठरते. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. परंतु घरची भाषा कोणती हे अध्यापकालाच ओळखू येत नसेल, तर धोरणाचा उपयोग मर्यादित राहील.

या संदर्भात एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. विद्यार्थ्याला स्पर्धेच्या जगात प्रमाण मराठी आणि इंग्रजी आली पाहिजे. बोलीचे कौतुक करून त्याचे नुकसान होईल, असे म्हटले जाते. आक्षेपातील पूर्वार्ध मान्य आहे. उत्तरार्ध मात्र सिद्ध होत नाही. 'शे' ओळखल्याने 'आहे' शिकण्यास अडथळा होत नाही. 'शे'ला चूक ठरविल्याने मात्र विद्यार्थी वर्गात बोलणेच थांबवितो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. न बोलणाऱ्याला कोणतीही भाषा शिकविता येत नाही.

निष्कर्ष

१. इंग्रजी 'बी' हे 'अस्', 'भू' आणि 'वस्' यांच्या सजातीय तीन धातूंच्या रूपांचे मिश्रण असून त्यातील 'आर' हे रूप उत्तरेकडील बोलीतून प्रमाण भाषेत आले.

२. अहिराणी 'शे' हे 'आहे'चे अपभ्रष्ट रूप नाही. प्राकृत 'अच्छइ'पासून आलेले ते स्वतंत्र क्रियापद असून त्याचे ध्वनिरूप मराठीच्या नियमाला धरून आहे.

३. 'शे' आणि 'रहास', 'जास' आणि 'जाई राहिना' या जोड्यांतील अर्थभेद स्पष्ट असून इंग्रजी काळांच्या अध्यापनात त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होऊ शकतो.

४. लेवा आणि अहिराणी यांच्यातील सीमा ठरविताना 'शे' हा महत्त्वाचा निकष आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे सन १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले. त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने सन १९३७ मध्ये त्यांचा मराठी धातुकोश प्रकाशात आणला. धातूंच्या अभ्यासाची अशी परंपरा लाभलेल्या या परिसरात, सन १९९० मध्ये स्थापन झालेल्या आणि सन २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून, आपल्याच विद्यार्थ्यांच्या क्रियापदांची नोंद व्हावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. तालुकावार 'शे'ची रूपे टिपणे, त्यांची सीमा नकाशावर दाखविणे आणि इंग्रजीच्या पहिल्या पाठासाठी अहिराणी-इंग्रजी वाक्यांची एक छोटी पुस्तिका तयार करणे ही कामे भाषा विभागांच्या आवाक्यातील आहेत. तोपर्यंत निदान एवढे तरी करता येईल, की फळ्यावर 'इज' लिहिल्यानंतर त्याच्यासमोर 'आहे'च्या शेजारी 'शे'ही लिहावे.